लाइन भाड्याची, डेटा आपला: इथरनेटवरचं हार्डवेअर एन्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय?

निपाणी किंवा चिकोडीसारख्या गावातल्या बँक शाखेत संध्याकाळी काउंटर बंद होतो आणि रोकड मोजून तिजोरीत जाते. तिजोरीला दोन चाव्या, त्याही दोन वेगळ्या माणसांकडे. रोकड मुख्य कार्यालयाला पाठवायची तर सीलबंद पेटी, गाडी, बंदूकधारी रखवालदार आणि पोचपावती. पण खातेदारांची नावं, खाते क्रमांक, शिल्लक, कर्जाचे हप्ते हा सगळा ऐवज दिवसभर तारेवरून कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूर-पुण्याकडे जात असतो. त्याच्या सोबत कोण असतं? या प्रश्नाला अनेकदा एकच उत्तर मिळतं: "आपली लीज्ड लाइन आहे, ती प्रायव्हेट असते."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. लीज्ड लाइन प्रायव्हेट म्हणजे तिच्यावरची जागा एका ग्राहकासाठी राखून ठेवलेली. तार मात्र टेलिकॉम कंपनीची, चर रस्त्याकडेची आणि मधले स्विच दुसऱ्याच कुणाच्या तरी इमारतीत. 'प्रायव्हेट' हा शब्द बिलावर असतो, तारेतल्या डेटाला त्यामुळे कुलूप लागत नाही. एमपीएलएस व्हीपीएन नावाने मिळणाऱ्या सेवेचंही तसंच. तिथे एका ग्राहकाची वाहतूक दुसऱ्यापासून वेगळी ठेवली जाते, पण ती आपोआप एन्क्रिप्ट होत नाही.

ज्या संस्थांच्या शाखा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा अशा दोन-तीन राज्यांत पसरल्या आहेत, त्या बहुराज्य सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर म्हणजे इथरनेटच्या तारेवरच, वेगळ्या चिपच्या किंवा पेटीच्या मदतीने केलेलं एन्क्रिप्शन. ते कसं चालतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे पडत नाही, हे पाहू.

इथरनेट: पत्ता आहे, कुलूप नाही

ऑफिसातल्या संगणकाच्या मागे लावतो ती निळी किंवा करड्या रंगाची केबल ज्या पद्धतीने बोलते, तिचं नाव इथरनेट. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तिचा पाया घातला. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ मध्ये ८०२.३ या क्रमांकाने तिचं मानक मंजूर केलं. सेकंदाला १ कोटी बिटचा वेग १९९८ पर्यंत १ गिगाबिटवर, २००२ मध्ये १० गिगाबिटवर आणि २०१० मध्ये १०० गिगाबिटवर गेला. आज शहरा-शहरांना जोडणाऱ्या फायबरवरही इथरनेटच धावतं.

इथरनेटवर डेटा छोट्या पाकिटांतून जातो. या पाकिटाला फ्रेम म्हणतात. सुरुवातीला ६ बाइटचा पाठवायचा पत्ता, मग ६ बाइटचा पाठवणाऱ्याचा पत्ता, मग आत काय आहे ते सांगणारे २ बाइट. त्यानंतर ४६ ते १५०० बाइटचा प्रत्यक्ष मजकूर आणि शेवटी ४ बाइटची तपासणी-बेरीज.

ही शेवटची बेरीज म्हणजे सुरक्षा, असा गैरसमज होऊ शकतो. ती फक्त तारेतल्या अपघाती बिघाडासाठी आहे. खतावणीच्या पानाखालची बेरीज जुळली म्हणजे आकडे चुकले नाहीत एवढंच कळतं, पण कुणी मुद्दाम आकडा बदलून खाली नवी बेरीज लिहिली तर? इथरनेटची बेरीज कुणालाही नव्याने काढता येते, कारण तिच्यात कुठलंही गुपित नाही. एका इमारतीतल्या, एकमेकांवर विश्वास असलेल्या लोकांसाठी बनलेली ही व्यवस्था होती. आज तीच जिल्हा आणि राज्यं ओलांडते.

तार उघडी कुठे पडते?

फायबरमधून प्रकाश जातो, म्हणून ती ऐकता येत नाही, असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात फायबर ठरावीक मर्यादेपलीकडे वाकवली की थोडा प्रकाश बाहेर झिरपतो आणि तो पकडणारी साधनं असतात. एक्स्चेंजमध्ये तर प्रकाश दोन वाटांनी विभागणारा स्प्लिटर बसवला की झालं. एक वाट ग्राहकाकडे, दुसरी ऐकणाऱ्याकडे.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या इमारतीत '६४१ए' क्रमांकाच्या खोलीकडे अशाच स्प्लिटरने वाहतूक वळवली जात होती, हे कंपनीचे निवृत्त तंत्रज्ञ मार्क क्लाइन यांनी २००६ मध्ये उघड केलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने एडवर्ड स्नोडेन यांच्याकडच्या कागदपत्रांवरून वृत्त दिलं, की अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणा गुगल आणि याहूच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या लाइनवरून माहिती उचलत होत्या. वापरणाऱ्याच्या मोबाइलपासून गुगलपर्यंतचा रस्ता कुलूपबंद होता. पण कंपनीच्या दोन केंद्रांमधली लाइन 'आपलीच' म्हणून उघडी होती. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी या आतल्या लाइनही एन्क्रिप्ट केल्या. याहूने मार्च २०१४ अखेर हे काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

गावच्या शाखेवर कुणी परदेशी गुप्तहेर नजर ठेवून बसलेला नसतो, हे खरं. पण धडा तोच आहे. आपली वाटणारी लाइन जिथे आपल्या नजरेबाहेर जाते, तिथून पुढे ती परक्याच्या हातात असते. इमारतीतल्या जिन्याखालचा स्विच, छतावरची केबल, भाड्याच्या गाळ्यातली कुलूप नसलेली रॅक या जागांना तर कुणाही माणसाचा हात पोचतो.

कुलूप कुठल्या थरावर लावायचं?

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर एका गुप्त चावीच्या मदतीने असा बदलायचा, की चावी नसलेल्याला तो निरर्थक दिसावा. हे काम वेगवेगळ्या थरांवर करता येतं. टपालाच्या उदाहरणाने पाहू.

पत्र लिहिणाऱ्यानेच सांकेतिक भाषेत लिहिलं, तर ते अॅपच्या थरावरचं एन्क्रिप्शन. वेबसाइटच्या पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह दिसतं ते टीएलएस याच जातीचं. गावच्या पोस्टाने सगळी पत्रं नव्या लखोट्यात घालून सील केली, तर ते आयपीसेक. राउटर किंवा फायरवॉलवर चालणारं. आणि टपालाची अख्खी थैलीच लाखेने बंद करून गाडीत चढवली, तर ते इथरनेटच्या थरावरचं.

थैली बंद करण्याचा फायदा असा, की आतल्या कुठल्याही पत्राला वेगळं सांभाळावं लागत नाही. जुनं सॉफ्टवेअर, सीसीटीव्हीचं चित्र, आयपी फोन, एटीएम, प्रिंटर या सगळ्यांचा डेटा एकाच झटक्यात झाकला जातो. त्यांच्यापैकी कुणालाही काही बदलावं लागत नाही.

मॅकसेक: थैलीचं सील

इथरनेटच्या थरावरचं जगन्मान्य मानक म्हणजे मॅकसेक. आयईईईने ते ८०२.१एई या क्रमांकाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली.

मॅकसेकमध्ये फ्रेमवरचे दोन पत्ते उघडे राहतात, कारण ते वाचल्याशिवाय स्विचला फ्रेम पुढे पाठवता येणार नाही. त्यांच्यामागे ८ किंवा १६ बाइटची एक चिठ्ठी जोडली जाते. तिच्यात कुठली चावी वापरली आणि या फ्रेमचा अनुक्रमांक काय, हे असतं. त्यापुढचा मजकूर एन्क्रिप्ट होतो. शेवटी सर्वसाधारणपणे १६ बाइटचा शिक्का येतो. हा शिक्का गुप्त चावीतून काढलेला असल्यामुळे चावी नसलेल्याला तो बनवता येत नाही. वाटेत एक बिट जरी बदलला, तरी पलीकडची चिप ती फ्रेम टाकून देते. पत्तेही या शिक्क्याच्या हिशेबात धरलेले असतात, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव बदलून खोटी फ्रेम घुसवता येत नाही.

अनुक्रमांकाचं कामही महत्त्वाचं. '१० हजार जमा करा' अशी खरीखुरी फ्रेम कुणी पकडून ठेवली आणि तासाभराने जशीच्या तशी पुन्हा सोडली, तर? तोच चेक दुसऱ्यांदा वटवण्याचा हा प्रकार. अनुक्रमांक जुना दिसल्याबरोबर ती फ्रेम नाकारली जाते.

आतलं कुलूप म्हणजे एईएस ही पद्धत. बेल्जियमचे योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी ती बनवली आणि अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये ती स्वीकारली. तिची सगळी कृती जगजाहीर आहे, गुप्त असते ती फक्त चावी. मॅकसेकमध्ये १२८ बिटची चावी मूळ मानकात आहे, २५६ बिटची २०११ मध्ये जोडली गेली. एईएस वापरण्याची 'जीसीएम' नावाची रीत एन्क्रिप्शन आणि शिक्का ही दोन्ही कामं एकत्र करते, शिवाय तिचे तुकडे समांतर चालवता येतात. म्हणूनच ती चिपसाठी सोयीची ठरली.

हार्डवेअरच कशाला?

साधा हिशेब करू. इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीची सूचना आणि नंतरची मोकळी जागा धरून ८४ बाइट. १० गिगाबिटच्या लाइनवर अशा फ्रेम सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार बसतात. म्हणजे एका फ्रेमसाठी ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात जेमतेम २०० ठोके मिळतात. त्यात फ्रेम उचलायची, चावी शोधायची, एन्क्रिप्ट करायची, शिक्का काढायचा आणि पाठवायची. १०० गिगाबिटला हाच आकडा २० ठोक्यांवर येतो. सर्वसाधारण प्रोसेसर याच्याबरोबर इतर शंभर कामंही करत असतो. म्हणून हे काम पोर्टमागच्या खास चिपला दिलं जातं. ती चिप दुसरं काहीच करत नाही, आणि फ्रेम तिच्यातून वाहत असतानाच कुलूपबंद होऊन बाहेर पडते.

दुसरं कारण वेळेचं. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर धरले, तर एका बाजूचा प्रवास साडेपाचशे मायक्रोसेकंदांचा. खास चिपमुळे वाढणारा वेळ काही मायक्रोसेकंदांच्या घरात असतो. त्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोलाचं, ते म्हणजे चावीची जागा. सॉफ्टवेअरमध्ये चावी संगणकाच्या मेमरीत असते. त्या संगणकात व्हायरस शिरला, तर चावी त्याच्या हाती लागू शकते. चांगल्या हार्डवेअरमध्ये चावी चिपच्या आत राहते, तिथून ती वाचून बाहेर काढण्याची सोयच ठेवलेली नसते.

पण सॉफ्टवेअरला कमी लेखण्याचंही कारण नाही. इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्येच एईएससाठी खास सूचना दिल्या, आणि लिनक्समध्ये २०१६ पासून मॅकसेकची सोय आहे. ज्या शाखेची लाइनच १० किंवा २० मेगाबिटची आहे, तिथे साधा राउटर आयपीसेकचं काम आरामात करतो. तिथे लाखोंची पेटी विकायला कुणी आलं, तर हिशेब मागावा.

पोर्टमधली चिप की वेगळी पेटी?

बाजारात दोन प्रकार दिसतात. पहिल्यात स्विच किंवा राउटरच्या पोर्टमध्येच मॅकसेकची चिप असते. दुसऱ्यात स्विच आणि बाहेर जाणारी लाइन यांच्या मध्ये स्वतंत्र पेटी बसते, तिला इथरनेट एन्क्रिप्टर म्हणतात. एका बाजूने उघडा डेटा आत, दुसऱ्या बाजूने कुलूपबंद डेटा बाहेर.

फरक समजून घ्यायला हवा. मूळ मॅकसेक एका स्विचपासून लगतच्या स्विचपर्यंतच काम करतो. मधल्या प्रत्येक स्विचमध्ये थैली उघडते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बंद होते. एकाच इमारतीत किंवा कॅम्पसमध्ये, जिथे सगळे स्विच आपले, तिथे हे ठीक. टेलिकॉम कंपनीच्या मधल्या स्विचमध्ये थैली उघडली, तर मग सील कशासाठी? म्हणून गावा-गावांतल्या लाइनसाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद राहणारी व्यवस्था लागते. ती वेगळ्या पेटीतून किंवा त्यासाठी फेरफार केलेल्या मॅकसेकमधून मिळते.

इथे एक व्यावहारिक खाच आहे. चाव्या ठरवण्यासाठी दोन्ही टोकं एकमेकांना जे निरोप पाठवतात, ते नेहमीच्या पत्त्यावर गेले तर मधला मानक स्विच ते पुढे सोडत नाही. त्यामुळे दोन्ही पेट्या चालू असूनही जोडणी होत नाही आणि दोष लाइनवर ढकलला जातो. दुसरी खाच सेवेची. कंपनीने बिंदू ते बिंदू इथरनेट सेवा दिली असेल, तरच थैलीचं सील पलीकडे शाबूत पोचतं. मध्ये राउटर असलेली एमपीएलएस सेवा असेल, तर आयपीसेकचाच मार्ग धरावा लागतो.

चावी कुणाच्या खिशात?

कुलूप कितीही भारी असलं, तरी चावी दारामागच्या खिळ्याला टांगली असेल तर उपयोग शून्य. मॅकसेकमध्ये चाव्यांची उतरंड असते. वरची मुख्य चावी दोन्ही टोकांना आधी दिलेली असते किंवा ओळख पटल्यावर तयार होते. तिच्या आधाराने रोजच्या कामाच्या तात्पुरत्या चाव्या बनतात आणि ठरावीक काळाने बदलतात. त्याचे नियम आयईईईच्या ८०२.१एक्स मानकात २०१० मध्ये आले.

तात्पुरती चावी का बदलायची, याचं उत्तर अनुक्रमांकात आहे. जीसीएम पद्धतीत एकाच चावीसोबत तोच अनुक्रमांक दोनदा वापरला गेला, तर कुलूप जवळपास उघडंच पडतं. मूळ अनुक्रमांक ३२ बिटचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपर्यंत. आकडा मोठा वाटतो, पण १० गिगाबिटच्या लाइनवर छोट्या फ्रेम भरून धावल्या तर तो पावणेपाच-पाच मिनिटांत संपतो, १०० गिगाबिटला अर्ध्या मिनिटाच्या आत. त्याआधी नवी चावी यायलाच हवी. म्हणून २०१३ मध्ये ६४ बिटच्या अनुक्रमांकाची सोय झाली. तो १०० गिगाबिटलाही साडेतीन हजार वर्षांहून जास्त पुरेल.

चावी खरोखर बेभरवशाच्या आकड्यांतून बनली पाहिजे, हाही मुद्दा तितकाच मोठा. २००८ मध्ये डेबियन या लिनक्स प्रकारात उघड झालं, की २००६ मधल्या एका बदलामुळे बनणाऱ्या चाव्यांचे प्रत्येक जातीत जेमतेम ३२ हजार पर्याय उरले होते. कागदावर कुलूप मजबूत आणि चाव्या मात्र मोजून तपासता येतील एवढ्याच. हार्डवेअर पेट्यांमध्ये यासाठी विजेच्या सूक्ष्म गडबडीतून आकडे काढणारा भाग बसवलेला असतो.

आणि माणसांची शिस्त? तिजोरीचाच नियम इथे लावायचा. मुख्य चावी एकट्या माणसाला घालता येऊ नये. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने बसवताना घातलेली चावी तो गेल्यावर बदलावी. सगळ्या शाखांना एकच चावी देऊ नये, नाहीतर एका गावात पेटी चोरीला गेली की सगळं जाळं उघडं.

पेटीवर विश्वास कशाच्या जोरावर?

स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक दशकं जगभरातल्या सरकारांना एन्क्रिप्शनची यंत्रं विकत होती. भारत आणि पाकिस्तानही तिच्या ग्राहकांत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि जर्मनीच्या 'झेडडीएफ' वाहिनीने उघड केलं, की १९७० पासून या कंपनीची मालकी गुपचूप अमेरिकेची सीआयए आणि जर्मनीची गुप्तचर संस्था यांच्याकडे होती. यंत्रांत मुद्दाम कच्चे दुवे ठेवलेले होते. ग्राहक पैसे मोजून कुलूप घेत होते, आणि त्याची चावी विकणाऱ्याकडे होती.

म्हणून 'आमची पद्धत गुप्त आहे, म्हणून सुरक्षित आहे' असं सांगणाऱ्यापासून दूर राहावं. पद्धत जगजाहीर, मानक खुलं आणि तपासणी तिसऱ्याची, हे तीन निकष. तपासणीसाठी जगभर अमेरिकेचं एफआयपीएस १४० हे मानक पाहिलं जातं. त्याची तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली. त्यात चार पायऱ्या आहेत. हार्डवेअरच्या बाबतीत दुसऱ्या पायरीवर पेटी उघडल्याची खूण दिसली पाहिजे, तिसऱ्या पायरीवर झाकण उघडताच आतल्या चाव्या पुसल्या गेल्या पाहिजेत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर 'एफआयपीएसला अनुरूप' एवढंच लिहिलेलं असेल, तर ते प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्राला क्रमांक असतो आणि तो निस्टच्या जाहीर यादीत पाहता येतो.

या कुलपाने काय होत नाही?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. काही एटीएममधून, काही स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगला. चोरांनी तार ऐकली नव्हती. ते मालवेअरच्या मदतीने यंत्रणेच्या आत शिरले आणि व्यवहारांना खोटी मंजुरी देत राहिले. अशा हल्ल्यात तारेवरचं एन्क्रिप्शन पूर्ण चालू असतं तरी उपयोग झाला नसता. खोटा व्यवहारही तितक्याच इमानदारीने कुलूपबंद होऊन पलीकडे पोचला असता.

लाइन एन्क्रिप्शन दोन पेट्यांमधला रस्ता सांभाळतं. पेटीच्या अलीकडच्या संगणकात, पलीकडच्या सर्व्हरवर किंवा बॅकअपच्या डिस्कवर काय घडतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला असेल, तर त्यावरही इलाज नाही.

शिवाय मजकूर झाकला, तरी वर्दळ दिसते. कुठल्या वेळी किती फ्रेम गेल्या आणि त्या किती मोठ्या होत्या, हे बाहेरून मोजता येतं. हेही झाकण्यासाठी आयईईईने २०२३ मध्ये मॅकसेकला जोड दिली आहे.

जागेचं आणि कायद्याचं गणित

चिठ्ठी आणि शिक्का मिळून प्रत्येक फ्रेममागे जास्तीत जास्त ३२ बाइट वाढतात. मोठ्या फ्रेमला हा बोजा २ टक्क्यांच्या आसपास. पण सगळ्यात छोट्या फ्रेमला ८४ बाइटच्या जागी ११६ बाइट लागतात, म्हणजे ३८ टक्के जास्त. आयपी फोनसारख्या छोट्या फ्रेमच्या वापरात हे जाणवतं. त्याहून मोठी अडचण अशी, की पूर्ण भरलेली फ्रेम ३२ बाइटने फुगली आणि टेलिकॉम कंपनीची लाइन फुगलेली फ्रेम घेत नसेल, तर ती वाटेतच गळते. छोटे व्यवहार होतात आणि मोठी फाइल अडकते, अशी तक्रार आली तर पहिला संशय इथेच घ्यावा.

कायद्याची बाजूही घट्ट होत चालली आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. बँकेचा डिजिटल पसारा जेवढा मोठा, तेवढे नियम कडक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांमध्ये अशा उपायांत एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा फक्त बँकांपुरता नाही. शाखा बेळगावात आणि सर्व्हर पुण्यात असला, तरी कायदा देशभर एकच.

पुढच्या काळाचं म्हणाल, तर क्वांटम संगणकाची चर्चा सतत चालू असते. त्याचा मोठा धोका चावी ठरवण्याच्या आजच्या सार्वजनिक पद्धतींना आहे. २५६ बिटचं एईएस त्यात टिकेल असं मानलं जातं. निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला तोंड देणाऱ्या पहिल्या तीन नव्या पद्धती जाहीर केल्या. आज पेटी घेणाऱ्याने त्यांच्यासाठी पुढे अपडेट मिळेल का, हे विचारून ठेवावं.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

संचालक मंडळापुढे असा प्रस्ताव आला, तर तांत्रिक ज्ञान नसलेल्या सभासदालाही हे प्रश्न विचारता येतील.

१. सध्याच्या लाइनवर कुठल्या थरावर एन्क्रिप्शन आहे? असेल, तर ते चालू असल्याचा पुरावा काय?

२. डेटा टोकापासून टोकापर्यंत बंद राहतो, की कंपनीच्या मधल्या स्विचमध्ये उघडतो?

३. पेटी फक्त शिक्का मारते की मजकूरही झाकते? मॅकसेकमध्ये नुसत्या शिक्क्याचाही पर्याय आहे, आणि तो चालू असला तर मजकूर उघडाच जातो.

४. कुलूप लागलं नाही, तर लाइन बंद पडते की डेटा उघडा सोडला जातो? काही यंत्रांत दोन्ही पर्याय असतात. 'काम अडू नये' म्हणून दुसरा निवडला, की कुणाला न कळता सगळं उघडं चालू राहतं.

५. मुख्य चावी कोण घालतं, कुठे लिहून ठेवतं, किती दिवसांनी बदलतं?

६. प्रमाणपत्राचा क्रमांक काय, आणि तो याच मॉडेलचा आहे का?

७. पेटी बिघडली, तर बदली पेटी किती तासांत मिळेल? तोवर शाखा कशी चालेल?

यातल्या चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं. लाइनचं बिल दरमहा तपासलं जातं, रोकड रोज मोजली जाते. कुलूप खरंच लागलं आहे का, हे पाहण्याची तारीखही तशीच वहीत लिहिलेली असावी. खातेदाराने शाखेच्या काउंटरवर विश्वासाने दिलेली माहिती पुढे कुठल्या तारेवरून जाते हे त्याला दिसत नाही. ते पाहण्याची जबाबदारी संस्थेचीच.